गाडी बघू नका, मालक बघा

आमच्या दाजींना जंगलात जायचं आहे, पण क्लच दाबायचा नाही.

जुन्या ऑटोमॅटिक फोर बाय फोरच्या बाजारात शिरणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांची मागणी थोडक्यात हीच असते. डोंगर चढायचा, ओढा ओलांडायचा, वाळू तुडवायची. आणि हा सगळा पराक्रम चालू असताना डाव्या पायाला मात्र सुट्टी हवी. दाजी अठ्ठावन्नाव्या वर्षी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. गुडघ्यांचे एक्स-रे तारखेनुसार फायलीला लावलेले, ग्रॅच्युइटी बँकेत, आणि डोक्यात लडाख. ताईने एकदाच विचारलं, "अहो, आपण शेवटचं कुठल्या जंगलात गेलो होतो?"

"ताडोबाला."

"ते भाड्याच्या जिप्सीतून," असं म्हणून ताई कुकर लावायला उठली. घरात या विषयावर झालेली अधिकृत चर्चा एवढीच.

डिझेल, ऑटोमॅटिक आणि चारही चाकांना ताकद देणारी मोठी गाडी नवी घ्यायची, तर महाराष्ट्रातला रोड टॅक्स धरून आकडा आवाक्याबाहेर जातो. म्हणून जुनी. आणि जुनी म्हटल्यावर मी. कारण आपल्याकडे जुनी गाडी बघायला एकट्याने जात नाहीत. बोनेट उघडल्यावर आत वाकून "हं" म्हणणारा एक माणूस सोबत लागतोच.

परवडेल अशी ऑटोमॅटिक फोर बाय फोर बहुधा आपल्या देशातून उठून गेलेल्या कंपनीची असते, हे लवकरच लक्षात आलं. शेवरोलेची कॅप्टिव्हा बघावी, तर जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस इथली विक्रीच थांबवलेली. एन्डेव्हर बघावी, तर फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलेलं. रेक्स्टन बघावी, तर ती मूळची कोरियाच्या सँगयाँगची, जोडली महिंद्राने चाकणला, आणि तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मर्सिडीजच्या घराण्यातला. म्हणजे एक नटबोल्ट हरवला तर तीन देशांत चौकशी. अशा गाड्या विकणाऱ्यांचं वाक्य ठरलेलं असतं. "पार्ट मिळतात, साहेब." कुठे मिळतात? "मिळतात." फारच खोदून विचारलं तर पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, आणि तिथंही नाही जमलं तर दिल्लीचं काश्मिरी गेट. हे शेवटचं नाव अशा थाटात घेतात, की काश्मिरी गेटला एखादा माणूस आपल्याच पार्टची पिशवी घेऊन बसलेला आहे असं वाटावं.

कंपनी इथेच आहे अशी गाडी हवी, तर मग फॉर्च्युनर. २००९ साली ती भारतात आली आणि तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्रात उमेदवारी अर्जाच्या आधी ती जोडावी लागते असा समज आहे. जिथे रिंगरोड येणार तिथे आधी गुंठामंत्री येतो आणि त्याच्या पाठोपाठ पांढरी फॉर्च्युनर. जुनी झाली तरी भाव म्हणून उतरत नाही. आठ वर्षांच्या गाडीची किंमत ऐकली, तेव्हा दाजींनी "सातबारा सोबत मिळणार का?" असं अगदी गंभीरपणे विचारलं. शिवाय त्यातल्या पुष्कळशा फोर बाय टू असतात, म्हणजे जोर फक्त मागच्या दोन चाकांना. मागच्या दारावर 'फोर बाय फोर'ची चमकदार अक्षरं असतात खरी, पण ती ॲक्सेसरीजच्या दुकानात वेगळी विकत मिळतात. दर मोठ्या सुट्टीत कोकणच्या एखाद्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली गाडी आणि तिला ओढणारा ट्रॅक्टर असा व्हिडिओ फिरतो ना, त्यातल्या काही जणांनी ही अक्षरं मनावर घेतलेली असतात. खरं-खोटं करायचं तर जमिनीवर झोपून पुढच्या चाकांच्या मधोमध बघायचं. तिथे डिफरन्शियलचा गोळा आणि त्यातून दोन्ही चाकांकडे निघालेले शाफ्ट दिसले, तर गाडी खरी. दाजींना गुडघे टेकता येत नाहीत. त्यामुळे "हं" म्हणण्यासोबत हेही खातं माझ्याकडे आलं.

आता विकणारे.

"साहेब, गाडी बघू नका, मालक बघा," असं पहिल्याच एजंटने सांगितलं. मालक कोण? तर डॉक्टर. सातारा रोडला डॉक्टर, हडपसरला डॉक्टर, चिंचवडला तर दोघे नवरा-बायको डॉक्टर. खेड्यापाड्यांत डॉक्टर का मिळत नाहीत याचा मला उलगडा झाला: ते सगळे गाड्या विकत असतात. सगळ्यांचा दिनक्रमही सारखाच. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. एवढ्यासाठी दोन टनांच्या वर वजनाची, आठशे मिलिमीटर पाण्यातून पार होणारी गाडी घेणारा डॉक्टर नेमका राहतो तरी कुठे, असं विचारायचं नसतं. एका डॉक्टरांच्या गाडीच्या मागच्या काचेवरून मोठी अक्षरं खरवडून काढलेली होती. तिरप्या उन्हात गोंदाच्या खुणा स्वच्छ वाचता येत होत्या. वर 'दादा' आणि खाली 'नादखुळा'.

एजंटने काचेकडे बघितलं, मग आमच्याकडे. "डॉक्टर कोल्हापूरचे होते," तो म्हणाला.

दाजींनी तिथल्या तिथे मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून ई-चलनं काढली. वेगमर्यादा मोडल्याची लांबच लांब यादी, सगळी एक्स्प्रेसवेची, बरीचशी पहाटेची. "इमर्जन्सी असणार," एजंट हळहळला. "डॉक्टरांचं आयुष्य बघा ना."

दिल्लीहून आलेल्या गाड्यांना मात्र डॉक्टर नसतात, कारण असतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तिकडच्या चांगल्या चांगल्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन देशभर स्थळं शोधू लागल्या. किंमत कमी, पण इथे पुन्हा नोंदणी, पुन्हा टॅक्स. त्याहून स्वस्त गाडी दिसली, की सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला, २०२१ मध्ये चिपळूणला. आतले गालिचे बदलता येतात, सीट धुता येतात, पण पट्ट्याच्या आतल्या वेटोळ्यापर्यंत हात पोचत नाही आणि तिथे मातीची रेघ राहते. एक पट्टा मी असा ओढला, तर तो परत आतच जाईना. विकणाऱ्याने त्याचंही कारण सांगितलं: गाडी इतकी सावकाश चालवायचे, की बेल्ट लावायची वेळच आली नाही.

आणि मग रनिंग. हा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण या बाजाराचं सगळं काव्य इथे आहे.

आपल्याकडची जुनी गाडी साठ ते पंच्याहत्तर हजार किलोमीटर पळते आणि थांबते. २०१३ चं पासिंग असो की २०१८ चं, मीटर तिथेच. मोठी डिझेल गाडी जो माणूस घेतो तो मुळात फिरणारा असतो म्हणूनच घेतो. पण अकरा वर्षांत अडुसष्ट हजार, म्हणजे महिन्याला जेमतेम पाचशे किलोमीटर, असं त्याच्या गाडीचं मीटर शपथेवर सांगतं. पूर्वी मीटर मागे न्यायला ते खोलावं लागे. आता डिजिटल झाल्यामुळे लॅपटॉप लागतो, आणि ते काम करणारा मुलगा घरी येऊन करून जातो.

बाकीची गाडी मात्र इतकी सफाईने खोटं बोलायला शिकलेली नसते. ऑटोमॅटिकला दोनच पेडल. त्यामुळे ब्रेकच्या पेडलचं रबर सगळा संसार एकटं ओढतं. अडुसष्ट हजारांच्या गाडीत ते गुळगुळीत होत नाही. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली असते, कारण दर चढण्या-उतरण्याला माणूस तिच्यावरूनच घसरतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ४१२२ म्हणजे २०२२ चा एक्केचाळिसावा आठवडा. "टायर कंपनीतूनच आलेले" असं म्हणणाऱ्याची गाडी २०१५ ची असेल, तर हिशेब मिटला. खिडक्यांच्या काचांवरही साल असतं, आणि सगळ्या काचा एका सालच्या असताना एकच निराळी निघाली, तर तिच्या बाजूच्या पत्र्यावर लांबी भरलेली आहे का हे चुंबक लावून बघायचं. एका गाडीच्या पुढच्या काचेवर फास्टॅगचे थर होते, एक खरवडलेला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. एवढे टोल कुठले? "डॉक्टरांचं गाव लांब," असं उत्तर आलं.

या सगळ्यातून माझं एक मत तयार झालं आणि ते मी दाजींना ऐकवलं. जुनी गाडी घ्यायची तर बाजारात सगळ्यात जास्त रनिंग दाखवणारी बघावी. सत्तर हजारांचं मीटर खोटं असू शकतं. दोन लाखांचं कशाला असेल? दोन लाखांवर आणून ठेवायला कोण पैसे देईल? "साडेतीन लाखांवरून दोन लाखांवर आणलेलं असू शकतं," दाजी म्हणाले. आयुष्यभर लेखापरीक्षणाचे आक्षेप झेललेल्या माणसाला असं सुचतं. पण मुद्दा त्यांना पटला असावा. शिवाय महामार्गावर वरच्या गिअरात सुखाने पळालेल्या दोन लाखांपेक्षा सिंहगड रोडच्या गर्दीत रांगत काढलेले साठ हजार ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जास्त जाचतात. तिथे तेल तापतं, गिअर सारखे वर-खाली होतात, आणि चालवणाऱ्याचा रागही शेवटी त्याच्यावरच निघतो.

गिअरबॉक्सच्या तेलावरून मेकॅनिकांत दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, ठरावीक किलोमीटरला तेल बदललंच पाहिजे. दुसरा म्हणतो, बदलत आला असाल तर बदला. पण लाख-दीड लाख किलोमीटर हात लागलेला नसेल, तर आता लावू नका, कारण आतल्या झिजलेल्या प्लेटा जुन्या तेलातल्या गाळाच्याच आधाराने पकड धरून आहेत. दोन्ही पंथांचे लोक पुरावा म्हणून दुसऱ्याच्या गॅरेजात मेलेल्या गाड्या सांगतात. काही कंपन्यांनी पुस्तकात हे तेल आयुष्यभराचं म्हणून लिहिलं आणि वाद वाढवला. आयुष्य गाडीचं की वॉरंटीचं, तेवढं लिहायचं राहिलं. आम्ही सोबत नेलेले मिस्त्री कुठल्याच पंथाचे नव्हते. ते तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकत. लालसर असेल तर मान हलवत, तपकिरी असेल तर भाव पाडायला सांगत, आणि काळा पडून जळका वास आला की काही न बोलता चप्पल घालत. काही गाड्यांच्या गिअरबॉक्सला तेल बघायची कांडीच नसते, खालून बूच उघडावं लागतं. अशा गाडीचा मालक बूच उघडू देतो की नाही, यावरूनच मिस्त्री तेलाचा रंग ओळखत. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढायचं आणि त्या भोकातून धुराचे भपकारे येतात का बघायचं. याला बाजारात बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि ते बघताना सगळे गंभीर होतात. मी सगळ्यात जास्त होई.

ऑटोमॅटिकबद्दल एक तक्रार मात्र नोंदवून ठेवतो. साध्या गाडीची बॅटरी बसली, तर चार माणसं, थोडा उतार आणि सेकंड गिअर एवढ्यावर काम होतं. ऑटोमॅटिकला कितीही धक्का मारा. इंजिन बंद तर गिअरबॉक्सचा पंप बंद, पंप बंद तर तेलाला दाब नाही, आणि दाब नाही तर चाकं इंजिनला फिरवूच शकत नाहीत. त्यातून गाडी चारही चाकांची असली, तर पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फरफटत न्यायचीही सोय नाही. आख्खी गाडी ट्रकवर चढवावी लागते. अनोळखी माणसाच्या गाडीला धक्का मारून वर त्यालाच "बॅटरी बदला आता" असा सल्ला देण्याची आपली जुनी समाजसेवा यामुळे बंद पडत चालली आहे.

अखेर गाडी मिळाली ती तासगावला. २०१७ ची एन्डेव्हर, पाच सिलिंडरचं ३.२ लिटर इंजिन, मालक द्राक्ष बागायतदार, मध्ये त्यांचा सांगलीतला गाड्यांचा धंदा करणारा भाचा. मीटरवर दोन लाख चौदा हजार. दाजींनी आकडा मोठ्याने वाचला, तर मालक म्हणाले, "हायच की. पळवायलाच घेतली हुती, पूजा कराय न्हाई." भाच्याने कपाळाला हात लावला. मालकांनी आतून एक लांबट वही आणली. पहिल्या दिवसापासूनचं डिझेल, ऑइल, गिअरबॉक्सचं तेल, टायर, वाशीच्या मार्केटच्या फेऱ्या, सगळं तारखेवार, शाईच्या पेनाने.

तिथून पुढे गाडी बाजूलाच राहिली. दाजींनी चष्मा बदलला आणि वही मांडीवर घेतली. निवृत्तीनंतर इतका निखळ आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला नव्हता. चहा आला, निवला, दुसरा आला. भाचा मला बोनेट उघडून दाखवत होता आणि मी "हं" म्हणत होतो, पण बघायला कुणीच नव्हतं. शेवटी दाजींनी एका पानावर बोट ठेवलं. "इथे तेरा लिटरचा फरक येतोय."

मालकांनी वही हातात घेतली, पान उलटसुलट केलं. "त्या वक्ताला बागेतल्या इंजनाला घेतलं आसंल," ते म्हणाले, आणि वहीत तशी नोंद खरंच निघाली. गाडीचा सौदा माझ्या मते त्या क्षणी झाला. बाकीची किंमत वगैरे.

चालवून बघणं उरलं होतं. अडतीस वर्षं क्लच दाबलेला डावा पाय गाडी बदलली म्हणून गप्प बसत नाही. गतिरोधक दिसताच दाजींच्या डाव्या पायाने क्लच शोधला, त्याला ब्रेकचं रुंद पेडल सापडलं, आणि मागे बसलेला भाचा दोन सीटांच्या मधून गिअरपर्यंत पोचला. मालक म्हणाले, "ब्रेक बेस्ट हायती." मग डावा पाय सीटखाली दुमडून गाडी बागेत घेतली. नुकतंच पाणी दिलेलं, काळी माती लोण्यासारखी. मध्ये एक गोल बटण, त्यावर चित्रं: साधा रस्ता, चिखल-बर्फ, वाळू, खडक. तासगावला बर्फ फक्त रसवंतीत मिळतो, पण दाजींनी तेच चित्र निवडलं. शेजारी 'फोर लो'चं आणखी एक बटण होतं. ते दाबलं, काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि गेलं.

"ह्ये कशाचं हाय, म्या कधी बघितलंच न्हाई," मालक म्हणाले. मला यात आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर गाड्यांची ही दुसरी दोन चाकं, कागदोपत्री हजर असलेल्या कर्मचाऱ्यांप्रमाणे, कधी कामाला लावलेलीच नसतात; आणि ती यंत्रणा वापरून नाही, तर न वापरल्याने अडकते. मिस्त्रींनी हेच निघताना बजावलं होतं. भाचा यूट्यूब उघडायला लागला. एवढ्यात बांधावरून बागेतला ट्रॅक्टरवाला ओरडला, "न्यूट्रल करा की आदी!" त्याच्या ट्रॅक्टरला हाय-लोचा दांडा असतो, आणि तो रोज वापरतो. दाजींनी गाडी न्यूट्रल केली, बटण दाबलं, खाली कुठेतरी खट्ट झालं, आणि अडीच टनांच्या आसपासचं ते धूड मुंगीच्या पावलाने चिखल चढू लागलं. दाजी काही बोलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे लडाख असावं.

तेवढ्यात ताईचा फोन आला. गाडी बरी आहे का, हे तिने विचारलं नाही. "आईंना चढता येईल का तिच्यात?" एवढंच विचारलं. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, वही, सगळं तपासून झालं होतं; ही बाब कुणीच तपासली नव्हती. दाजींनी उतरून दारापासून जमिनीपर्यंत वीत लावून पाहिली आणि "पायदान आहे," असं मोघम उत्तर दिलं.

ओसरीवर कागद झाले. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५, चॅसी नंबरचा पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा. मालकांनी दाजींच्या हातात किल्ली दिली, दाजींनी त्यांच्याकडून वही मागून घेतली. मालक वाकून बुटांना लागलेली माती काढत होते, तेव्हा भाचा दाजींच्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मीटर नव्वद हजारावर आणून देऊ का? आपला पोरगा हाय. पुढं तुम्ही विकताना अडायचं न्हाई."

दाजींनी क्षणभर विचार केला.

"त्यापेक्षा स्टेपनीचा टायर नवा द्या," ते म्हणाले.